स्वतःच्याच मालाला नावं ठेवणारा दुकानदार

दुकानदार आपल्याच मालाला नावं ठेवायला लागला की माझे कान टवकारतात. लातूरच्या एका वाद्यांच्या दुकानात मी भजनासाठी अकॉस्टिक बेस गिटार, म्हणजे खर्जातल्या जाड तारांची गिटार, मागितली. आमच्या रेणापूरला भजन रंगात आलं की नेमकी लाईट जाते, म्हणून विजेविना वाजणारी आणि स्वस्तातली हवी होती. त्यानं काढली, पण म्हणाला, "मामा, नुसती ही नका घेऊ. पखवाजापुढं हिचा आवाज यायचा न्हाई."

मी मनात म्हटलं, नांदेडच्या कुण्या गिऱ्हाईकासाठी राखून ठेवली असणार, नाहीतर याला महागातली गळ्यात मारायची असेल. बंद काचेच्या दुकानात जाड तार छेडली, तर पार पोटात घुमली. तो आणखी कायबाय सांगत होता. मी हट्टानं घेऊनच आलो.

एकादशीच्या भजनात लाईट गेली. पखवाज, वीसेक टाळ आणि मी. बोटं सोलली, तरी शेजारी बसलेला मेहुणा विचारतो, "दाजी, वाजवायलात का नुसतं धरून बसलात?"

दुसऱ्या दिवशी तणतणत दुकानात गेलो. त्यानं बॅटरीवर चालणारा छोटा अ‍ॅम्प्लिफायर काढून समोर ठेवला. गिटार त्याला जोडता येते म्हणे.

"मग हे त्याच दिवशी सांगायला काय झालतं?" मी ओरडलो.

"सांगितलं की मामा. दोनदा."

सांगितलंही असेल, मी तेव्हा त्याचे डोळे वाचत होतो. पण दोनदा? एकदाच सांगितलं असणार.