समाधानकाकांचा दुसरा घाव

समाधानकाकांची नक्कल करायची तर आधी गाल फुगवायचे, मग 'आरं देवा' असं थेट पोटातून काढायचं. काका राहुरीचे, ख्रिस्ती, सौदीतल्या राबिघच्या कारखान्यात फिटर. त्यांच्या आजोबांच्या वहीत आठशे वर्षांपूर्वीच्या युरोपातल्या मठवासी साधूंचे विचार उतरवलेले आहेत. शुक्रवारी आमच्याकडे जेवायला आले की मटणाच्या नळीसकट हात हलवत सांगायचे, "देवानं कायदा कागदावर नंतर लिव्हला, कादिरभाई. आधी माणसाच्या आत लिव्हला. तिथं एक ठिणगी हाय. काइनानं सख्खा भाऊ मारला, तरी त्याच्यातबी ती इझली न्हाय."

"आमच्यात तिला फितरत म्हणतात," अब्बा म्हणायचे. "नळी खा, गार होतेय."

मार्चमध्ये त्याच कारखान्यात अब्बा मिक्सरच्या टाकीत पाती बदलायला उतरले. माणूस आत असताना कुणी मिक्सर चालू करू नये म्हणून उतरणाऱ्याने मेन स्विचला स्वतःचं कुलूप लावायचं, किल्ली खिशात ठेवायची आणि रजिस्टरमध्ये सही करायची. दुपारच्या नमाजाला बाहेर येताना अब्बांनी 'आउट'ची सही केली. परत उतरताना 'इन'ची विसरले.

मिक्सर चालू करायचा म्हणून सुपरवायझर विश्वनाथ सर कुलूप तोडायला बोल्ट कटर घेऊन आले. सर नाकातून बोलतात. "रजिस्टर क्लिअर आहे. कादिर आउट. कुलूप विसरलाय. प्रोसिजर म्हणजे प्रोसिजर. बाजूला हो, समाधान."

"ज्याचं कुलूप त्यानं काढायचं, सायेब. आत बघून येतो."

"कागद खोटं बोलतो का?"

"मानूस आत असंल तर कागद खोटाच."

काका स्विचपुढे उभे राहिले. कटर त्यांच्या तोंडावर बसला आणि पुढचे दोन दात उडाले. काकांनी डोकं सरांच्या नाकावर हाणलं. रक्ताची पिचकारी थेट स्विचवर. तरी सरांनी कटर कुलपाला लावलाच. कडी अर्धी कापली गेली, तेव्हा काकांनी पाना उचलून सरांच्या मनगटावर घातला. कडक बिस्किट मोडा, तोच आवाज. कटर पडला, सर कोसळले. आणि पडलेल्या माणसाच्या बरगड्यांवर काकांनी पुन्हा पाना घातला.

तेवढ्यात टाकीतून अब्बांचं डोकं वर आलं. "ठोकाठोकी कसली रे? यल्ला, चला, जेवायची सुट्टी झाली काय?"

मारामारी केली म्हणून कंपनीने काकांना कायमचं घरी पाठवायचं ठरवलं. खलास! अब्बा आमच्या स्वयंपाकघरात रडले. "सही माझी चुकली, दात तुझे गेले."

"पयला घाव ठिणगीचा व्हता," काका म्हणाले. प्रत्येक शब्दात वारा. "त्येचा जाब देवापुढं देईन. दुसरा? कटर तर पडला व्हता. त्यो निस्ता माझा."

जायच्या दिवशी दुपारी ते अम्मीने केलेला वरणभात घेऊन सरांच्या खोलीवर गेले. अब्बाही सोबत होते. सरांचा उजवा हात प्लास्टरमध्ये, नाक बटाट्याएवढं. काका चमच्याने भरवू लागले.

"हाड मोडलंस, हरामखोरा."

घास.

"श्वास घेतला तरी बरगडी दुखते."

घास.

"कादिर आत आहे हे ठाऊक असतं तर..."

"म्हनून तर बघून येतो म्हनलो."

सर बराच वेळ चावत राहिले. भात मऊ होता, चावण्यासारखं त्यात काही नव्हतं.