गाडी फक्त दौऱ्यावरच तापते

बॉनेट उघडलं तसा वाफेचा मोठा लोट वर आला. चेअरमनसाहेबांचे पी.ए. शिंदे पटकन मागे सरले. ड्रायव्हर गुलाबभाईंनी हाताला फडकं गुंडाळलं, पण रेडिएटरच्या झाकणाला हात लावला नाही. इंजिन तापलेलं असताना ते झाकण उघडलं तर उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

चेअरमनसाहेब मागच्या सीटवर गप्प बसून होते. बोलायचं ते सकाळी निघतानाच बोलून झालं होतं : "गुलाब, आज गाडी तापली तर उद्यापासून दुसरा ड्रायव्हर."

आणि गाडी तापली होती.

मी पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. मागच्या उन्हाळ्यात नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या गॅरेजमध्ये ट्रेनिंगला होतो. कारखान्याचं नाव लिहीत नाही. यंदाही तिथेच जावं लागेल, असं दिसतंय.

इंजिन गार ठेवण्याची रचना साधी असते. इंजिनाभोवती पाणी फिरतं आणि तापून पुढच्या रेडिएटरमध्ये येतं. समोरून येणारा वारा आणि मागचा पंखा मिळून ते गार करतात. चेअरमनसाहेबांच्या अँबेसिडरमध्ये ही रचना गॅरेजमध्ये अगदी नीट चालायची. फोरमनसाहेबांनी थर्मोस्टॅट बदलला, वॉटर पंप बदलला, फॅन बेल्ट बदलला. गाडी सुरू करून ठेवली की तापमानाचा काटा जागचा हलत नसे. दौऱ्यावर गेली की हमखास उकळायची.

फोरमनसाहेबांनी निष्कर्ष काढला, "गाडी ठणठणीत आहे. म्हणजे ड्रायव्हर नालायक आहे." आणि मला सांगितलं, "तू सोबत जा. कुठल्या गियरवर चालवतो ते बघून ये."

थोडक्यात, मी गुलाबभाईंविरुद्धचा पुरावा आणायला निघालो होतो. त्यांना ते ठाऊक होतं. तरीही त्यांनी मला पुढच्या सीटवर शिंद्यांच्या शेजारी नीट सरकून जागा करून दिली.

दौरा पारनेरकडच्या दुष्काळी कामांच्या पाहणीचा होता. पाहणी अशी चालायची : गावाच्या वेशीवर गाडी थांबायची. सरपंच साहेबांच्या गळ्यात झेंडूचा जाडजूड हार घालायचे. साहेब तो लगेच काढून शिंद्यांकडे द्यायचे आणि शिंदे तो गाडीच्या तोंडावर सुतळीने बांधायचे. मग दुष्काळ फार आहे, असं साहेब गावकऱ्यांना सांगायचे आणि गाडी पुढच्या गावाला निघायची. विहिरींना पाणी नसताना एवढा झेंडू कुठून येतो, हे मला आधी कळेना. मग दिसलं, की कारखान्याचा एक माणूस नगरच्या बाजारातून हारांची पाटी घेऊन मोटरसायकलवरून आमच्या पुढे पुढे जात होता.

गुलाबभाई गाडी उत्तम चालवत होते. मी गियरवर लक्ष ठेवून होतो. चढावर वेळेवर गियर खाली, सपाटीवर वर. मला एकही चूक सापडेना, आणि काटा मात्र गावागणिक चढत होता.

गाडी उकळली ती खडी फोडायच्या कामावर. बायका उन्हात बसून दगड फोडत होत्या. जवळ त्यांच्या पिण्याच्या पाण्याचं पिंप होतं. इंजिन जरा निवल्यावर शिंदे त्यातून हंडा भरायला लागले. एका म्हातारीने हातोडी खाली ठेवली.

"आमाला तांब्यातांब्यानं मोजून देत्यात. अन् मोटारीला हंडाच व्हय रं?"

"आजी, साहेब तुमच्यासाठीच आलेत."

"मंग साहेबाला पाज की. गाडी का पिती?"

शिंद्यांनी तरीही हंडा भरला.

पाणी ओतून गुलाबभाईंनी इंजिन पुन्हा सुरू केलं, तेव्हा मला वर्कशॉपच्या तासाला शिकवलेली एक गोष्ट आठवली. चालू इंजिनाच्या जाळीसमोर वर्तमानपत्राचं पान धरायचं. आत वारा ओढला जात असेल तर पान जाळीला चिकटतं. गॅरेजमध्ये आम्ही हे केलं होतं आणि पान चिकटलं होतं. मी शिंद्यांकडून पेपर मागून घेतला आणि गाडीच्या तोंडावर धरला. पान हारांवरून घसरून पायाशी पडलं. मी सगळे हार एका बाजूला उचलून धरले आणि पान पुन्हा लावलं. ते चटकन चिकटलं.

रोज संध्याकाळी परतताना कारखान्याच्या गेटवरच्या देवळात सगळे हार देवाला वाहायची पद्धत होती. त्यामुळे गॅरेजला गाडी पोचायची ती मोकळ्या तोंडाने, आणि फोरमनसाहेबांना ती निरोगी सापडायची.

मी शिंद्यांना हळूच सांगितलं, "हार काढले तर गाडी तापणार नाही."

"काढू की. कुठल्या गावचा आधी काढू, सांग. ज्याचा काढीन ते गाव उद्या रुसेल. आणि पुढच्या गावाला कळायचं कसं, मागच्यांनी किती मान दिला ते?"

साहेबांनी काच खाली केली. "काय म्हणतोय पोरगा?"

मी म्हणालो, "साहेब, ते... सत्काराच्या हारांनी वारा अडतोय. म्हणून इंजिन तापतंय."

"म्हणजे माझ्यामुळं गाडी तापते?"

मी जमिनीकडे बघत होतो. आता गुलाबभाईंच्या जोडीला मीही घरी जाणार, असं वाटलं. तेवढ्यात गुलाबभाई बॉनेट लावता लावता शांतपणे म्हणाले, "न्हाई साहेब. लोकांचं प्रेम लई झालंय. बिचाऱ्या इंजिनाला सोसंना."

साहेब हसले. "शिंदे, हार डिकीत ठेवा. नीट ठेवा."

उरलेला दौरा काटा मधल्या खुणेपाशी थांबून राहिला. गुलाबभाईंची नोकरी टिकली. मी फोरमनसाहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि सगळ्यांना सांगितलं, की नवा थर्मोस्टॅट अखेर लागू पडला.

इंजिन तापलं तर पार्ट बदलण्याआधी गाडीसमोर उभं राहून वारा आत जातोय का ते बघावं, एवढं मी त्या दिवशी शिकलो. वारा कशाने अडलाय ते मात्र गुलाबभाईंसारख्या माणसाला सांगू द्यावं. तो विषय आम्हाला अभ्यासक्रमात नाही.

डिकीत हार चुरगळतात, अशी साहेबांची तक्रार आली. तेव्हा पुढच्या दौऱ्यापासून हारांसाठी एक जीप मागून चालू लागली. ती जीप तोपर्यंत खडीच्या कामांवर पाण्याची पिंपं पोचवत होती.