ताटभर ऊन

जगन्नाथकाकांना इंग्रजी वाचता येत नाही, पण इंग्रजी अक्षर दगडात असं कोरतील की बघत राहावं! नागपुरात चाळीस वर्षं त्यांनी विहारांच्या, शाळांच्या संगमरवरी पाट्यांवर नावं कोरली. आता अमेरिकेत अर्विंगला लेकीकडे, रोशनीकडे राहतात आणि हाताला काम नाही म्हणून दिवसभर कुरकुरतात.

रोजचा फेरफटका कोपऱ्यावरच्या जुन्या चर्चच्या आवारात. तिथे पेटीसारखी एक दगडी कबर आहे, अक्षरं पार झिजलेली. ऐंशी पार केलेल्या लुएलाबाई तिच्याजवळ बसायच्या. ही आपल्या पणजीची कबर, असं त्यांचं म्हणणं. कागद मात्र एकही नाही. उद्या, रविवारी, चर्च तिच्यावर 'अज्ञात' अशी पाटी बसवणार होतं. रोशनीकडून हे कळल्यावर काका उसळलेच.

"अज्ञात? अगं, कुणीतरी छिन्नी धरून नाव कोरलंय तिथं! मोठं स्टीलचं ताट घे, चल!"

"बाबा, प्लीज, तिथे घासू-बिसू नका हं!"

"चाळीस वर्षं काय गवत उपटलं मी?"

नाव वाचता आलं तर पाटी थांबवायला चर्चचे फादर तयार झाले, पण त्यांनी अट घातली: लुएलाबाईंनी पणजीचं नाव चिठ्ठीवर लिहून त्यांच्याकडे द्यायचं, काकांना सांगायचं नाही. काका म्हणाले, "चालेल की!"

नावाची बाजू उत्तरेला, कायम सावलीत. रोशनी ताट घेऊन उन्हात उभी राहिली.

"खाली घे... तिरकं कर... अजून... बस्स, हलू नकोस!"

ताटावरून परतलेला उजेड दगडावर आडवा पडला आणि सपाट दगडावर बारीक सावल्या उठल्या. काका त्यांवरून बोट फिरवत वाचायला लागले.

"आली, आली बघ! उभी, आडवी, उभी. एच! मग ई. ही नागमोडी, एस. टी. परत ई." शेवटच्या अक्षराशी ते अडले. बोट दोनदा फिरवलं आणि एकदम हसले. "अरे लेका! इथं छिन्नी घसरली गड्याची, म्हणून शेपूट लांबवलंय. आर!"

"हेस्टर?" रोशनीनं अक्षरं जोडली.

फादरनी चिठ्ठी उघडून सगळ्यांपुढे धरली. काकांनी तिच्यावरचं एकेक अक्षर दगडाशी ताडून पाहिलं. "सहाच्या सहा जुळली!" ते ओरडलेच.

लुएलाबाई दगडावर हात ठेवून ढसाढसा रडत होत्या. काकांनी हजारो नावं कोरली होती. नाव वाचून कुणी रडलेलं मात्र ते पहिल्यांदाच बघत होते. रोशनीचे हात भरून आले, तिनं ताट खाली घेतलं.

"ए, धर वर," काका म्हणाले. "बाईंना नीट बघू दे."