बाकावरून न उठलेला वर्ग

भूमितीच्या सरांबद्दल चित्रकलेच्या सरांना खरं तर काहीच ठाऊक नव्हतं. शिक्षकांच्या खोलीत दोघांच्या खुर्च्या वर्षानुवर्षं शेजारी, पण सर कुठल्या रस्त्याने घरी जातात हेसुद्धा कधी विचारायचं सुचलं नाही. मुलं त्यांना 'कंपास' म्हणत. तास सुरू झाला की तोंडं बंद, उत्तर फळ्यावर येऊन लिहायचं, आणि सरांनी सांगितल्याशिवाय बाकावरून कुणी हलायचं नाही. मुख्याध्यापिका नव्या शिक्षकांना त्यांच्या शिस्तीचे दाखले देत. खोलीत कुणी विनोद केला की सर सगळ्यांनंतर हसायचे.

"सर, तुम्हाला विनोद पोस्टाने येतो वाटतं!" चित्रकलेचे सर चिडवायचे. त्यावरही ते नुसतेच हसायचे.

त्या दिवशी प्रयोगशाळेत पडद्याने पेट घेतला. धोक्याची घंटा कानठळ्या बसाव्यात अशी वाजली, सगळी शाळा मैदानात उतरली. मुलं मोजली तर एक अख्खा वर्गच नाही! नाकाला रुमाल लावून चित्रकलेचे सर जिना चढले.

दारातच त्यांचे पाय खिळले. धूर वर्गात शिरू लागला होता. मुलं खोकत होती, हात वर करून रडत होती, पण एकही उठलं नव्हतं. आणि सर पाठमोरे, शांतपणे वर्तुळाला स्पर्शिका काढत होते. घंटा अजून वाजतच होती.

"सर!" ते ओरडले. सर वळले नाहीत. खांद्याला हात लागला तेव्हा दचकले, मुलांकडे पाहिलं आणि पांढरेफटक पडले.

नशिबाने कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही. मैदानात मुख्याध्यापिकांनी विचारलं, "वर्ग खाली का नाही आला?"

"घंटा आम्हालाच ऐकू नाही आली, बाई," पहिल्या बाकावरची मुलगी घाईघाईने म्हणाली.

सर तिच्या ओठांकडे बघत होते. "माझ्यासाठी खोटं बोलतेय ती. मला ऐकू येत नाही, बाई. बरीच वर्षं झाली. कळलं तर मुलं हसतील, नोकरी जाईल, म्हणून ही सगळी शिस्त."

चित्रकलेच्या सरांचं डोकंच बधिर झालं. इतकी वर्षं शेजारी!

संध्याकाळी राजीनामा देऊन सर कपाट आवरत होते. चित्रकलेचे सर दारात घुटमळले. विचारायचं पुष्कळ होतं. शेवटी समोर जाऊन, तोंड नीट दिसेल असं उभं राहून, म्हणाले, "डबा राहिला तुमचा."

"कुठे?"

"खिडकीत."

"बरं झालं सांगितलंत. घरी बोलणी बसली असती."