ज्याला भीती वाटते त्याचाच सिनेमा

बातमी आली तेव्हा माझ्या दोन्ही हातांना खळ लागलेली होती. चंदनसारला एका कुंपणाच्या भिंतीवर आम्ही पाण्याच्या सभेची पोस्टरं चिकटवत होतो. तुळिंजचा चहावाला सायकलवरून आला, उतरला नाही, एक पाय जमिनीला टेकवून म्हणाला, "तुमचा व्हिडिओवाला इनास गेला. टँकरनं उडवला, स्कूटरसकट." मी कुठं, कधी, काहीच विचारलं नाही. माझी नजर आधी रस्त्याच्या दोन्ही टोकांना गेली, कोणी आपल्याकडे बघतंय का म्हणून. रडू नंतर आलं, फार नंतर. पंचनाम्यात 'अपघात' लिहून झालं. भर दुपारची वेळ, आणि टँकरचा नंबर कोणालाच दिसला नाही! लग्नाच्या पंगतीत कोण दुसऱ्यांदा वाढून घेतो हे ज्या गावाला दिसतं, त्या गावाला पाण्यानं भरलेला अख्खा टँकर दिसला नाही. मला गावावर ओरडायचं होतं. पण मलाही त्या दिवशी फक्त रस्त्याची टोकंच दिसत होती...

इनास वसईच्या वाडीतला, ख्रिस्ती घरातला. बाप केळी आणि पानवेली लावायचा. ह्याला मातीपेक्षा चित्रं आवडली. तुळिंजला भाड्याच्या खोलीत त्यानं व्हिडिओचं थेटर घातलं. आत थोडी बाकडी, एक टीव्ही, खिडक्यांना काळं कापड. बाहेर सुतळीवर चोळ्या वाळत घालाव्यात तशी कॉमिक्स टांगलेली. उभ्यानं वाचलं तर फुकट, घरी नेलं तर भाडं. लग्नसराईत तो कॅमेरा खांद्यावर घेऊन लग्नं टिपायचा. अंगानं दांडगा आणि स्वभावानं ससा. कुत्र्याला घाबरायचा, विजेला घाबरायचा, थोरल्या बहिणीला, रोजाबायला, तर फारच. पहिल्या भेटीत तो मलाही घाबरला, कारण मी भांडायलाच गेलो होतो. बागायतीतल्या विहिरी उपसून टँकर नव्या इमारतींकडे धावतायत, केळी उभ्या वाळतायत, आणि हा माणूस लोकांना झगे घालून आभाळात उडणारे परदेशी बाप्ये दाखवत बसलाय! "वरून येऊन वाचवणारा माणूस दाखवला की खालची माणसं नुसती वर बघत बसतात," मी म्हणालो. वाक्य माझ्याच पत्रकातलं होतं. इनासनं ते शांतपणे ऐकलं, मग विचारलं, "तू राहतो कुठं?"

"मनवेलपाड्याला, चाळीत."

"पानी कुठलं पितो?"

आमच्या चाळीतल्या पिंपात टँकरचंच पाणी असतं, आणि ते कोणाच्या तरी विहिरीतलंच असतं. "बस मग, पत्रक्या," तो म्हणाला, "चहा घे. आपन दोघं पन खालचीच मानसं." त्या दिवसापासून मी पत्रक्या.

कोणत्या कॉमिकच्या नायकाचा सिनेमा निघावा, ह्यावर आम्ही जितके भांडलो तितकं कुठल्या निवडणुकीवरही भांडलो नाही. बाहेरून आलेले उडणारे बाप्ये त्यानं पुष्कळ लावले, पण त्याचा जीव सुतळीवरच्या स्वस्त मराठी अंकांत होता. त्यातला वज्रदेह सगळ्यांचा लाडका. गोळी लागत नाही, तलवार वाकते, छाती दोन पानांवर पसरलेली. आणि एक होता काजवा, ज्याचे मोजके अंक निघाले आणि छापणाऱ्यानं बंद केले. काजवा पोस्टात शिक्के मारणारा साधा माणूस. त्याची शक्ती अशी, की भीती वाटली की त्याचं अंग उजळतं. त्यामुळे त्याला लपताच येत नाही. चोराला तो दिसतो, पण त्याच्या उजेडात चोरही सगळ्यांना दिसतो. मी म्हणायचो, ही कसली शक्ती, ही तर आपत्ती. इनास म्हणायचा, "वज्रदेहाचा सिनेमा कोन पन काढील, त्याला नुसती छाती लागते. पन ज्याला गोळी लागतच नाय त्याचं बघायचं काय? पडला तरी तो उठनार, हे बाकड्यावरच्या मानसाला म्हाईत. मग तो चनेच खानार ना! सिनेमा त्याचा काढायचा ज्याला पळून जावंसं वाटतं."

"भित्र्याचा सिनेमा बघणार कोण?"

"भित्रे बघनार. थेटर भरेल, पत्रक्या. बाहेर लोक उभे राहतील."

तो वेडा नव्हता, हे मला आज छातीठोक सांगायचंय. कागदावरचा नायक पडद्यावर आणताना काय ठेवायचं आणि काय टाकायचं, ह्याचा त्यानं जेवढा विचार केला होता तेवढा शहरातल्या निर्मात्यांनी केलेला मला दिसत नाही. ते पोशाख तेवढा उचलतात. इनास म्हणायचा, पोशाख बदलला तरी चालेल, भीती बदलायची नाही. मूळ अंकांत काजव्याचा चोर राजाचा मुकुट पळवतो. "आपल्याकडं मुकुट कोनाच्या घरात आहे?" तो म्हणाला. "आपल्याकडं चोरन्यासारखं पानी आहे. चोर बदल, काजवा तसाच ठेव." तेव्हा पहिल्यांदा मी वाद सोडला आणि काजव्याच्या बाजूला गेलो. सिनेमा आपणच काढायचा, लग्नाच्या कॅमेऱ्यावर, असं ठरलं. मांडवाचे बारके बल्ब त्यानं जुन्या रेनकोटात शिवायला घेतले, स्कूटरची बॅटरी कमरेला बांधली. काजवा कोण होणार असं विचारलं तर म्हणाला, "मीच. मला अभिनय करायला लागनार नाय." पहिल्यांदा बल्ब लावून तो वाडीत उभा राहिला तेव्हा शेजारचं कुत्रं भुंकलं, आणि हा तसाच लुकलुकत केळीत शिरला. रोजाबाय ओट्यावरून ओरडली, "अरे धरा, नाताळचं झाड पळालं बघा!" ती दुपार आठवते आणि मी अजून हसतो.

सिनेमा सुरू व्हायच्या आधी रोजाबायच्या मुलीचं लग्न आलं. ह्या घरांत लग्नाच्या आदल्या तिन्हीसांजेला बाया नटूनथटून, बाजा लावून, घरच्या विहिरीवर जातात आणि नवरीच्या न्हाणाचं पाणी वाजतगाजत आणतात. पाणी त्याच विहिरीचं लागतं. नळाचं चालत नाही. इनास कॅमेरा घेऊन पुढे, काजव्याची बॅटरी खांद्याला, तिच्यावर लग्नातला मोठा दिवा. मी आमंत्रितांत होतो. विहिरीपाशी पोचलो तर काठाला टँकर लावलेला, जाड पाइप आत सोडलेला, पंप धडधडतोय. खाली पाणी नावाला उरलेलं. बाजा आपोआप थांबला. रोजाबाय पुढे झाली आणि म्हणाली, "पाइप काढा, पोरीचं पानी काढायचंय." टँकरवाल्यांचा मुकादम हसला. त्याच्या माणसांतल्या एकानं लोखंडी सळी उचलली आणि नुसती हातात धरली, मारायला नाही, दाखवायला. कोणी हललं नाही. मीही नाही. एरवी सभेत माइक खेचून घेणारा मी, तेव्हा घरी परत जायची वाट कुठून आहे ते शोधत होतो.

आणि तेवढ्यात इनासचा दिवा लागला. लग्न टिपणाऱ्यांचा एक शिरस्ता असतो. आलेल्या प्रत्येकाचा चेहरा कॅसेटमध्ये आलाच पाहिजे, नाहीतर वर्षभर रुसवे. त्यामुळे त्यांचा हात दिवा घेऊन ओळीनं चेहऱ्यांवरून फिरतो, सवयीनं. इनासचा हात तसाच फिरला. आधी बाया, मग बाजेवाले, मग रोजाबाय, मग पाइप, मग मुकादम, मग सळीवाला, एकेकावर थांबत, कोणाला न वगळता. आणि ती माणसं... त्यांनी काय केलं? लग्नाच्या कॅमेऱ्यापुढे माणूस जे करतो तेच! सळीवाल्यानं सळी काखेत धरून केसांवरून हात फिरवला. दुसरा ताठ उभा राहिला. मुकादमानं तर शर्टाची कॉलर सरळ केली. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. "बंद कर! ए जाड्या, बंद कर ते!" इनास थरथरत होता, मला तीन हातांवरून दिसत होतं. पण दिवा बंद होईना. त्या दिव्यात विहिरीच्या कठड्याची प्रत्येक चीर दिसत होती. रोजाबायनं बाजेवाल्याच्या पाठीत गुद्दा घातला, बाजा दणक्यात वाजायला लागला, आजूबाजूच्या वाड्यांतली माणसं बाहेर आली, आणि मुकादमानं पाइप ओढून घेतला. नवरीचं पाणी निघालं, गढूळ, पण घरच्या विहिरीचं.

मी नंतर त्याला मिठी मारली. म्हणालो, "काय धीर रे तुझा!" तर चिडला. "धीर कसला? घाबरलो होतो. बोट थरथरत होतं, दिव्याचं बटन सापडलंच नाय."

पुढचं सगळं भीतीचंच. मुकादमाची माणसं तुळिंजच्या खोलीत आली आणि कपाटातल्या कॅसेटी पोत्यात भरून घेऊन गेली. त्यांत पुष्कळांची बारशी आणि लग्नं गेली, विहिरीवरची ती कॅसेट मात्र त्यांना सापडली नाही. सुतळीवरची कॉमिक्स त्यांनी पायदळी तुडवली. समोरच्या पानाच्या टपरीवर एक मोटारसायकल उभी राहायला लागली. इनास स्कूटर वेगवेगळ्या वाटांनी न्यायचा, रोजाबाय त्याला एकटा सोडायची नाही, आणि तरी तो एका दुपारी एकटाच माझ्या चाळीत आला. सदऱ्याच्या आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली कॅसेट. मी म्हणालो, पोलिसात देऊ. "देऊ. पन मुकादम तिथंच चहा प्यायला बसतो," तो म्हणाला. "तू ही सगळ्यांना दाखव. भाषन नको. सिनेमा म्हनून लाव. काजव्याचा पहिला सिनेमा." मी म्हणालो, थोडं थांबू, सभा होऊ दे, माणसं जमू देत. त्यानं पिंपाकडे बघितलं, एक पेला पाणी मागितलं, आणि पिताना म्हणाला, "आमचंच असंल." ही आमची शेवटची भेट. थांबू असं मी म्हणालो, आणि टँकर थांबला नाही.

अपघात होता की नाही, मला सिद्ध करता येत नाही. म्हणून मी तसं लिहीत नाही. मला माहीत आहे ते एवढंच, की कॅसेटमध्ये चेहरे आहेत आणि त्या चेहऱ्यांना ते माहीत आहे. पत्रकात मी नेहमी लिहायचो, 'घाबरू नका.' ते वाक्य मी आता काढून टाकलंय. ते वज्रदेहाचं वाक्य आहे. आम्हाला घाबरायला होतं. मला हे लिहितानाही होतंय. वाचणाऱ्या मुकादमांसाठी एक खुलासा: ती कॅसेट आता माझ्याकडे नाही. तिच्या नकला झाल्यात, त्या कोणाच्या अल्तारामागे आहेत, कोणाच्या देव्हाऱ्याखाली, आणि मलाच ठाऊक नाही कुठे कुठे.

येत्या रविवारी चर्चमध्ये इनासच्या महिन्याचा मिसा, त्याच्यासाठीची प्रार्थना, आहे. तो झाला की तुळिंजची खोली उघडायची आणि सिनेमा लावायचा, असं रोजाबायनं ठरवलंय. "बाय, ते येतील," मी म्हणालो. "येऊ देत ना," ती म्हणाली, "त्यांनी पन काम केलंय त्यात. बसायला जागा ठेव."

काल संध्याकाळी मी खोली झाडायला गेलो. बाकडी पुसली, खिडक्यांचं काळं कापड धुवायला काढलं. रेनकोट खुंटीवरच होता, अर्धे बल्ब शिवायचे राहिलेले. त्याचा मोठा दिवा कोपऱ्यात होता. अपघातात तो सोबत नव्हता, म्हणून वाचला. काजव्याच्या बॅटरीला तारा लावून बघितल्या तर लागला, खोली पांढरीफटक झाली. तेवढ्यात बाहेर मोटारसायकल येऊन थांबली. इंजिन चालूच. दिवा विझवावा म्हणून बटण शोधायला लागलो. ते अंगठ्याखालीच असणार, पण अंगठा नुसता थरथरत होता... उघड्या खिडकीतून तो उजेड सरळ रस्त्यावर पडला होता. त्यात मोटारसायकलवरचा माणूस मला पहिल्यांदा पूर्ण दिसला, नाकडोळ्यांसकट. मीही त्याला दिसलोच असणार. तो डोळे बारीक करून दिव्याकडे बघत राहिला. आणि मग त्यानं केसांवरून हात फिरवला.