शक्यतेला मत

घोषणा ऐकून मत देणारी माणसं पुष्कळ आहेत, घोषणा ऐकून कानावर हात ठेवणारीही आहेत. पण घोषणा देणाऱ्याला रस्त्यात थांबवून ‘‘पुरावा काय?’’ विचारणारा माणूस अख्ख्या नवी मुंबईत एकच, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा असावा, हे माझं नशीब. मामांची हयात तुर्भ्याच्या एका कारखान्यात क्वालिटी चेकिंगमध्ये गेली. तिथे ते पंप तपासायचे. निवृत्त झाल्यावर कोपरखैरण्यातले बॅनर तपासू लागले. माझ्याबरोबर भाजी आणायला निघाले की नाक्यावर मान वर करून उभे. ‘विकासाचा वादा, आपला दादा’ वाचून म्हणायचे, ‘‘यमक जुळलं म्हणून मुद्दा जुळला का, जावईबापू? रिजेक्ट!’’ एकदा एका प्रचारफेरीत ‘ताई तुम आगे बढो, हम तुम्हारे साथ हैं’ चालू होतं. मामा सरळ त्या ताईंसमोर जाऊन उभे राहिले. ‘‘हे साथ आहेत, तर तुम्ही एकट्याच पुढे का?’’ ताईंनी हात जोडले, कार्यकर्त्यांनी बाह्या सरसावल्या आणि मी मामांना कोथिंबिरीच्या जुडीसकट रिक्षात कोंबलं. ‘येऊन येऊन येणार कोण’वर तर त्यांचा विशेष राग. ‘‘जे सिद्ध करायचं, तेच हे आधी धरून चालतात!’’

आणि अशा माणसाच्या बायकोने महापालिकेला अपक्ष उभं राहायचं ठरवलं. सेक्टरच्या पाण्यासाठी मामींनी वर्षानुवर्षं अधिकाऱ्यांचे उंबरे झिजवलेले. ही निवडणूक त्यांना मनापासून हवी होती. चिन्ह मिळालं कपबशी. घोषणा लिहायचं काम त्यांनी हौसेने नवऱ्याला दिलं आणि तिथेच सगळं बिनसलं. ‘पाणी आणणारच’ हे मामांना मान्य होईना. नळ काय आपल्या हातात आहे? शेवटी भोंगा लावलेली रिक्षा गल्लोगल्ली ओरडत फिरली, ‘वहिनी निवडून आल्या, तर पाणी वेळेवर येण्याची शक्यता वाढेल!’ मामींनी कपाळाला हात लावला. ‘‘अहो, शक्यतेला मत कोण देतं?’’ रिक्षावालाही वैतागला. ‘‘काका, थोडं फेका ना. पब्लिकला टेन्शन येतं.’’ मामा एक शब्द बदलतील तर शपथ.

मामी पडल्या. मतमोजणी केंद्राबाहेर दुसऱ्यांचा गुलाल उडत होता, आणि मामी कुणाकडे न बघता, पाण्याची रिकामी बाटली हातात धरून बाहेर आल्या. मला फार वाईट वाटलं. तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज फुटला, ‘‘येऊन येऊन येणार कोण? वहिनींशिवाय आहेच कोण!’’ मूठ आवळून, गळ्याच्या शिरा ताणून, स्वतःच्या बायकोला वहिनी म्हणत मामा ओरडत होते. गुलालवाले नाचायचे थांबून बघायला लागले. मामी आधी लाजल्या, मग हसता हसता रडल्या.

‘‘मामा, निकाल लागला,’’ मी हळूच म्हटलं. ‘‘हे कुठल्या तर्कात बसतं?’’

‘‘नाही बसत,’’ ते म्हणाले, आणि पुन्हा ओरडले.

मामा अजूनही बॅनरखाली थांबतात. परवा असाच एक भलताच दावा त्यांनी शेवटपर्यंत वाचला. मी ‘रिजेक्ट’ची वाट बघत होतो. ते चष्मा पुसत म्हणाले, ‘‘राहू दे. कुणाच्या तरी घरच्यांनी लिहिलं असेल.’’