क्रूझर की डिस्ट्रॉयर?

चाकणला जाणाऱ्या आमच्या कंपनीच्या बसमध्ये थेरगावला चढणारा एक पन्नाशीचा माणूस रोज माझ्या शेजारी बसायचा. डबा मांडीवर ठेवून तो फोनवर तावातावाने भांडायचा. "नाही राव, ती क्रूझरच आहे! नुसत्या तोफा मोजून डिस्ट्रॉयर कशी म्हणता?" मला वाटायचं, युद्धनौकांवरून एवढा भांडतो म्हणजे हा पूर्वी नौदलात असणार.

एका सकाळी तो गप्प बसला होता. काय झालं, म्हणून मी विचारलं.

"हरलो, मॅडम. डिस्ट्रॉयरच निघाली ती."

"असते कुठे ही बोट? मुंबईला?"

"अंतराळात. गोष्टीतली आहे, खरी नाहीच."

हसावं की समजूत घालावी, मला कळेना. "मग एवढं मनाला का लावून घेता?"

"कंपनीत वीस वर्षं एकच बोल्ट तपासतोय. माझं मत कुणी विचारलं नाही. फोनवरची ही माणसं तीन महिने माझ्याशी भांडली. आता वाद मिटला. उद्या बोलू कुणाशी?"

मी गोंधळूनच म्हणाले, "मला सांगा ना, क्रूझर म्हणजे नक्की काय?"

चाकण येईपर्यंत तो समजावत होता. मला काहीही कळलं नाही. तरी उतरताना मी मुद्दाम म्हणाले, "मला नाही पटलं."